लाइन गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

"लाइन नव्हती म्हणून ऑनलाइन झालं नाही. उद्या पुन्हा लाइन लावा लागते."

हे वाक्य कामठ्यातलं आहे. कामठा म्हणजे गोंदिया तालुक्यातलं गाव. नागपूरजवळची छावणीची कामठी वेगळी, तिच्याकडे पुढे येऊच. धानाच्या विक्रीची नोंदणी करायला कागदांची पिशवी घेऊन आलेला शेतकरी हे वाक्य बोलतो, तेव्हा आजूबाजूच्या कुणालाही अर्थ विचारावा लागत नाही. पहिली लाइन म्हणजे वीज. दुसरी 'ऑनलाइन'मध्ये दडलेली, म्हणजे इंटरनेटवरची नोंद. तिसरी लाइन म्हणजे रांग. दहा-अकरा शब्दांच्या बोलण्यात एकच इंग्रजी शब्द तीनदा येतो आणि तिन्ही वेळा वेगळं काम करतो.

आता हेच वाक्य 'शुद्ध' करून बघू. "विद्युतपुरवठा खंडित असल्यामुळे संगणकीय नोंदणी होऊ शकली नाही, उद्या पुनश्च रांगेत उभे राहावे लागेल." व्याकरणाला चूक काढायला जागा नाही. पण यात वीज एका खात्याची, नोंदणी दुसऱ्या खात्याची आणि रांग कुणाचीच नाही. मूळ वाक्यात मात्र तिन्ही अडचणी एकाच शब्दाने एकमेकींना बांधल्या आहेत. बोलणाऱ्याला ठाऊक आहे की त्याचा दिवस एकाच गोष्टीने खाल्ला. त्या गोष्टीला तो लाइन म्हणतो.

आपल्याकडे कविता-कादंबऱ्यांची समीक्षा होते, तशी एका शब्दाची करून बघायची आहे. माझं म्हणणं सरळ आहे. 'लाइन' हा कामठ्याचा मराठी शब्द आहे, आणि त्याला भेसळ म्हणणाऱ्यांनी तो नीट वाचलेला नाही.

सुरुवात शब्दाच्या गोत्रापासून करू. इंग्रजीतला 'लाइन' लॅटिनमधल्या 'लिनेआ'वरून आला. काही वाटेत जुन्या इंग्रजीतल्या दोरीवाचक शब्दातून, काही फ्रेंचमधून. 'लिनेआ' म्हणजे तागा, दोरी. आणि ही दोरी 'लिनम'ची, म्हणजे जवसाची. जवसाच्या देठातून निघणाऱ्या धाग्याची दोरी ताणून सरळपणा मोजायचा, म्हणून दोरी म्हणजे सरळ रेघ, आणि सरळ रेघ म्हणजे लाइन. याच घरातून 'लिनन' हे कापड आलं. शिंपी ज्याला 'लायनिंग' म्हणतात ते अस्तरही तिथलंच, कारण आतून लावायचं कापड लिननचं असे. जवसाच्या तेलापासून करायचं जमिनीवरचं आच्छादन, लिनोलियम, हेही त्याच घरातलं. जवसाचं शास्त्रीय नाव 'लिनम युसिटाटिसिमम'. दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'सर्वांत उपयोगी'.

हे जवस आम्हाला परकं नाही. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात बांधीत धान उभं असतानाच, कापणीच्या थोडं आधी, जमिनीतल्या ओलीवर जवस किंवा लाखोरी फेकून पेरायची जुनी पद्धत आहे. तिला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, वेगळं पाणी नाही. धान निघून गेल्यावर मागे निळी फुलं डोलताना दिसतात. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात या पिकावर संशोधन चालतं. आपल्याकडे जवस पिकवलं ते मुख्यतः बियांसाठी, तेल आणि चटणीसाठी. युरोपनं धाग्यासाठीही पिकवलं. पण धागाही आपल्याला अनोळखी नव्हता. संस्कृतात जवसाला अतसी म्हणतात, तसं क्षुमाही म्हणतात, आणि क्षुमेच्या धाग्याचं वस्त्र ते क्षौम.

म्हणजे ज्या झाडापासून 'लाइन' शब्द निघाला, ते झाड कामठ्याच्या बांधीला शतकांपासून ओळखीचं आहे. अर्थात तेवढ्यानं शब्द आपला होत नाही. झाड एक आणि शब्द वेगळा. शब्द आपला होतो तो वापरानं, आणि तो पुरावा व्याकरणात सापडतो.

लाइन मराठीत स्त्रीलिंगी आहे. इंग्रजीत तिला लिंग नव्हतंच, मग हे कुठून आलं? तिच्या जागी येऊ शकणारे मराठी शब्द बघा: ती रेषा, ती रेघ, ती ओळ, ती रांग, ती दोरी, ती तार, ती वीज, ती वाट. सगळ्या स्त्रीलिंगी. लाइन ज्या घरात आली त्या घराचं लिंग तिनं घेतलं. पुढे अनेकवचन 'लाइनी' झालं, सामान्यरूप 'लाइनी-' झालं: लाइनीत, लाइनीवर, लाइनीनं. पाहुण्याला आपण विभक्तीचे प्रत्यय लावत नाही; लावले की तो पाहुणा राहत नाही.

दुसरा पुरावा अधिक गमतीचा आहे. धाग्यावरून नियम, रेघ आणि नात्यापर्यंत जाण्याचा प्रवास मराठीनं स्वतःही केलेला आहे. आपला शब्द 'सूत'. संस्कृत 'सूत्र' म्हणजे धागा. त्यावरून नियम, गणितातलं सूत्र आणि सभेचं सूत्रसंचालन. सुतार हा शब्दही सूत्रधारावरून आला, सूत धरून लाकूड सरळ कापणारा. गवंडी भिंत 'सुतात' आहे का बघतो. आणि दोन माणसांचं जमलं की त्यांचं 'सूत जुळलं'. आता 'लाइन'च्या अर्थांशी हे ताडून बघा. सरळपणा आहे, नियम आहे, आणि 'लाइन देणे'सुद्धा आहे. दोन भाषांनी वेगवेगळ्या शतकांत एकाच धाग्यावरून एकच वाट काढली. शासकीय परिभाषेनं मात्र 'लाइन'चं मराठी करताना सूत कधी हातात घेतलं नाही. मार्ग, वाहिनी, रेषा असे तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा एकेका कार्यालयाला वाटून टाकला.

लाइन आमच्याकडे आली ती लोखंडाच्या पायांनी. नागपूर ते राजनांदगाव ही मीटरगेज रेल्वे १८८२पर्यंत सुरू झाली. पुढे बंगाल नागपूर रेल्वेनं ती घेतली आणि ब्रॉडगेज केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून जबलपूरकडे अडीच फुटी नॅरोगेज गेली आणि गोंदिया जंक्शन झालं. त्याआधीच्या इतिहासात कामठ्याचं नाव मोठं आहे. ही जमीनदारी होती, आणि १८१८ साली इथल्या चिमणा पटेलांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला होता. पण लाइन गोंदियाहून गेली, आणि बाजार, गिरण्या, कचेऱ्या तिच्या मागे गेल्या. गाव कुठल्या बाजूला वाढणार, हे ठरवण्याची ताकद या शब्दात तेव्हापासून आहे. 'लाइनपार' म्हटलं की आजही नुसती दिशा कळत नाही, वस्ती कशी असेल याचा अंदाजही बांधला जातो.

त्या काळी मध्य प्रांतातलं जवस रेल्वेनं मुंबईला आणि तिथून जहाजानं युरोपात जायचं. बी तिकडे गेलं, आणि त्याच झाडाच्या धाग्यावरून झालेला शब्द इकडे आला. व्यापारात आपण काय दिलं आणि काय घेतलं याच्या हिशोबात ही नोंद कुणी करत नाही.

दुसरी वाट छावणीची. नागपूरजवळची कामठी १८२१ साली लष्करी छावणी म्हणून वसली. छावणीत शिपायांच्या झोपड्या-तंबूंच्या रांगांना 'लाइन्स' म्हणत. तिथून 'सिव्हिल लाइन्स' आणि 'पोलीस लाइन' शहराशहरांत पसरल्या. आज पोलीस लाइनीत राहणाऱ्या मुलाला आपल्या पत्त्यात तंबूंची रांग आहे हे ठाऊक नसतं. पण साहेबांची वस्ती वेगळी, शिपायांची वेगळी, ही आखणी त्या शब्दानं जपून ठेवली आहे.

हे झाले बाहेरून आलेले अर्थ. आता गावानं घडवलेले बघू, कारण खरी कमाई तिथे आहे.

पुण्या-मुंबईकडे 'लाइट गेली' म्हणतात, आमच्याकडे 'लाइन गेली'. मी एका मोठ्या शहरात शिकायला होतो तेव्हा वसतिगृहात अंधार झाला आणि मी म्हणालो, "लाइन गेली." खोलीभर हशा झाला. "कुणाची लाइन? कुणाबरोबर गेली?" त्यांच्या कानात लाइन म्हणजे फक्त 'लाइन मारणे'मधली. तो हशा वाईट नव्हता, पण त्यात एक निवाडा होता: तुझी मराठी धड मराठी नाही आणि तुझं इंग्रजीही धड इंग्रजी नाही. आता नीट विचार केला तर 'लाइट' म्हणजे दिवा. दिवा कुठे जात नाही. तारेतून येणारी वीज थांबते. म्हणजे वस्तुस्थितीच्या जवळ कोण आहे? पण अर्थाची अचूकता शहराच्या बाजूनं नसली तरी निवाडा द्यायचा हक्क शहराकडेच असतो.

'रात्रीची लाइन' हा प्रयोग घ्या. कृषिपंपांना वीज ठरावीक तासांची, आठवड्यात काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. उन्हाळी धान पंपाच्या पाण्यावर उभं असतं. "या हप्त्यात रात्रीची लाइन आहे" असं माणूस म्हणतो तेव्हा तो वेळापत्रक सांगत नसतो. बॅटरी, काठी, चिखल, धुऱ्यावरचा साप, घरी जाग्या राहिलेल्या बाईचा फोन, एवढं सगळं तो सांगत असतो. याचं भाषांतर 'रात्रकालीन वीजपुरवठा' असं होतं. त्या भाषांतरात पाय ओले होत नाहीत.

तसंच 'लाइनला लागणे'. पोरगा लाइनला लागला, म्हणजे नोकरी-धंद्यात स्थिर झाला. 'तो कोणत्या लाइनला आहे?' म्हणजे काय काम करतो. 'लाइनवर ये' म्हणजे शहाण्यासारखा वाग. दहावीनंतर सायन्स लाइन की आर्ट लाइन, हा प्रश्न घरोघरी. यातली दृष्टी ओळखू येते. आयुष्य हा लोहमार्ग आहे. एकदा रुळावर चढलं की पुढचं स्टेशन येणार. ज्या गावात नोकरी म्हणजे बहुतेक वेळा गाव सोडून जाणं, तिथे ही प्रतिमा उगीच रुजलेली नाही. आणि रुळांवर फाटे फार कमी असतात, ही भीतीही तिच्यातच आहे.

'लाइन मारणे' आणि 'लाइन देणे' यांना साहित्यात उडाणटप्पूपणाचं चिन्ह म्हणून जागा मिळते, त्यापुढे नाही. पण या दोन क्रियापदांत एक हिशोब आहे. मारतो तो मुलगा, देते ती मुलगी. मारण्याला कुणाची परवानगी लागत नाही, आणि दिली की बदनामी देणारीच्या वाट्याला येते. 'सूत जुळलं' यात दोघं समान होते; 'लाइन'मध्ये नाहीत. शब्दावर प्रेम आहे म्हणून हे झाकायचं कारण नाही.

खरंच, या शब्दाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. 'बीपीएल' घ्या. शेवटचं अक्षर लाइनचं आहे, दारिद्र्यरेषेचं. गावात कुणी 'दारिद्र्यरेषेखालील कुटुंब' म्हणत नाही. 'आमचं बीपीएल आहे' म्हणतात, जणू ते एखादं कार्ड किंवा मालमत्ता आहे. रेषा कुणी आखली, ती इथूनच का गेली, हा प्रश्न तीन अक्षरांत दिसेनासा होतो. लाइन पूर्वी डोळ्यांना दिसणारी दोरी होती. इथे ती दिसत नाही, पण तिच्या वर की खाली यावर धान्य ठरतं.

'ऑनलाइन'चंही तेच. गावात ते नाम झालं आहे: 'ऑनलाइन करून आणा', 'तुमचं ऑनलाइन झालं का जी?' यात कर्ता कुठे आहे? अर्ज भरण्याचं काम पूर्वी कचेरीतल्या माणसाचं होतं. 'ऑनलाइन' या शब्दानं ते अलगद नागरिकाच्या डोक्यावर ठेवलं. ज्याला जमत नाही तो केंद्रावर पैसे मोजतो. रांगा संपवण्याचं वचन देऊन हा शब्द आला, आणि आता ऑनलाइन करण्यासाठी लाइन लागते. 'डेडलाइन'सुद्धा निरागस नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४च्या सुमारास, अँडरसनव्हिलच्या युद्धकैदी छावणीत कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली असे. ती ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घालत. त्या हद्दीचं नाव डेडलाइन. आज आपण फॉर्मच्या शेवटच्या तारखेला तेच म्हणतो, आणि सर्व्हर बंद पडलेल्या रात्री तो शब्द फारसा चुकीचाही वाटत नाही.

मग परका शब्द वाईट कधी आणि चांगला कधी? भाषाशुद्धीवाल्यांची कसोटी जन्मस्थानाची आहे. त्या चळवळीनं चांगले शब्द दिले हे मान्य केलं पाहिजे. सावरकरांनी सुचवलेला 'महापौर' आज सगळ्यांच्या तोंडी आहे. तो टिकला कारण त्यानं कुणाच्या तोंडचा रोजचा शब्द हिसकावला नाही. उलट 'लोहमार्ग' बघा: गोंदिया स्टेशनवर लोहमार्ग पोलीस आहेत, पण लोहमार्ग ओलांडून कुणी घरी जात नाही, लाइन ओलांडून जातो. महावितरणनं लाइनमनला 'जनमित्र' केलं. हेतू चांगला असेल. पण खांबावर चढणाऱ्या माणसाच्या नावातून त्याचं काम आणि त्यातली जोखीमच पुसली गेली. वीजक्षेत्रात ४ मार्चला जो दिवस पाळतात तो मात्र लाइनमन दिवस. त्याचा सन्मान करायची वेळ आली की जुनाच शब्द लागतो.

माझी कसोटी वेगळी आहे. बोलणाऱ्याला शब्द वाकवता येतो का? त्याला प्रत्यय लावता येतात का, त्याच्या म्हणी करता येतात का, त्याच्यावर विनोद करता येतो का? 'लाइन' या कसोटीला उतरते. 'ऑनलाइन करा' हा आदेश अजून उतरत नाही, कारण तो वरून खाली येतो आणि आपण फक्त पाळतो. आणि ही कसोटी संस्कृतातून घडवलेल्या शब्दांनाही लागू आहे. 'रात्रकालीन वीजपुरवठा' जन्मानं शुद्ध आहे, पण कामठ्यात तो 'ऑनलाइन'इतकाच परका आहे.

हे सगळं कशासाठी? माझ्या पुतण्याच्या वहीसाठी. त्यानं निबंधात लिहिलं होतं, "रात्री लाइन नव्हती म्हणून मी दिव्याजवळ अभ्यास केला." 'लाइन'वर लाल काट आणि वर 'वीज'. परीक्षेत 'वीज' लिहावं लागतं हे त्याला शिकवायलाच हवं, त्यात वाद नाही. पण काट मारणं म्हणजे शिकवणं नव्हे. काट सांगते की घरी आई बोलते ते चूक आहे. असा मुलगा पुढे बोलताना आधी मनात खोडतो, मग बोलतो. मुलाखतीत तो गप्प राहतो, आणि समोरचा समजतो की याला काही येत नाही. 'घरी लाइन म्हणतात, पेपरात वीज लिहितात, दोन्ही बरोबर' एवढं वाक्य समासात लिहायला किती शाई लागते?

आमचा मुलूख तर असा की एका बाजारात झाडीबोली, पोवारी, लोधी, गोंडी, छत्तीसगढी आणि हिंदी ऐकू येतात. रांग म्हणायचं की कतार, यावर अडायला नको म्हणून सगळ्यांनी 'लाइन' घेतली. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा शब्दकोश केला, तेव्हा प्रमाण मराठीला न दिसणारे कितीतरी शब्द छापील झाले. पुढचं काम अधिक अडचणीचं आहे. बोलीतले जुने, अस्सल शब्द जपायला सगळे तयार होतात. इंग्रजीतून येऊन बोलीत मुरलेले शब्द जपायला कुणी पुढे येत नाही, कारण ते ना अस्सल वाटतात ना प्रतिष्ठित. कथा-मालिकांमध्ये गावाकडच्या पात्राच्या तोंडी इंग्रजी शब्द येतो तो बहुधा हसवण्यासाठी.

दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. त्यात शब्दाच्या नोंदीबरोबर कंसात मूळ भाषा देतात. आज कुणी तसा कोश करायला बसलं तर 'लाइन'पुढे 'इं.' लिहून पुढच्या शब्दाकडे वळू नये, एवढीच मागणी आहे. स्त्रीलिंग, अनेकवचन लाइनी. एक, वीज. दोन, रांग. तीन, रेल्वेचे रूळ. चार, कामधंदा. पाच, प्रेमाचा इशारा. सहा, पोलीस-शिपायांची वस्ती. आणि प्रत्येक अर्थाखाली उदाहरण म्हणून एकेक वाक्य, ते बोलणाऱ्या माणसाकडूनच घेतलेलं. पहिल्या अर्थाचं उदाहरण तयारच आहे: आज रात्रीची लाइन आहे, बॅटरी चार्ज करून ठेव.